जे कासवाला आठवत नाही

एका जंगलात एक कासव होतं आणि त्याला काही म्हणजे काही लक्षात राहत नसे. म्हणून जंगलाने त्याला न्यायाधीश केलं होतं.

हसू नका, मुलांनो. तुम्ही अजून लहान आहात. न्यायाधीशाला सगळं आठवायला हवं असं तुम्हाला वाटतं. मोठे व्हा, संसार करा, मग बोलू.

तिथली पद्धत अशी होती. कोणाचं कोणाशी वाजलं, की त्याने ओढ्याकाठच्या सपाट दगडापाशी जायचं. दगडावर कासव बसलेलं असे. त्याला तक्रार सांगायची. कासव डोळे मिटून ऐकायचं, मधूनच "अरेरे" म्हणायचं, आणि शेवटी सांगायचं, "आजपासून आठव्या दिवशी ये. निकाल देतो."

आठव्या दिवशी गेलं, की कासव विचारायचं, "तू कोण? आणि काम काय काढलंस?"

मग तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागे. सगळी मेख इथेच होती. शंभरातले नव्वद जण आठव्या दिवशी फिरकतच नसत. रानडुक्कर भेकराला काटकुळा म्हणालेलं असे, भेकराच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या असत, पण आठ दिवसांत दोघं एकाच झाडाखालची मोहाची फुलं खात उभी असत. आणखी पाचसहा जण यायचे, पण दगड चढेपर्यंत आपण कशावरून चिडलो होतो हेच त्यांना सांगता येत नसे. मग ते ओढ्यात काहीतरी पडलंय असं दाखवून इकडेतिकडे बघत आणि निघून जात. दोघंतिघं भलतीच तक्रार सांगत. ती नवी धरून कासव त्यांना पुढचे आठ दिवस देई.

राहायचा एखादाच. एकदा एक टिटवी आली होती. गव्यांच्या पायाखाली तिची अंडी फुटली होती. आठव्या दिवशी ती पुन्हा आली, तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि सांगताना तिचा आवाज तसाच चिरकला. त्या दिवशी कासवाने डोळे मिटले नाहीत. गव्यांना ती वाट बंद झाली, आणि टिटवीची पुढची पिल्लं बाहेर येईपर्यंत कळपातल्या सगळ्यांत थोरल्या गव्याने उन्हात उभं राहून पहारा दिला. आठ दिवसांनीही जे तेवढंच दुखतं ते खरं दुखणं, एवढाच तिथला कायदा.

त्याला जोडून एक पोटकायदा होता. जे कासवाला आठवत नाही ते झालंच नाही. त्यामुळे जुनं उकरून काढायची सोय नव्हती. ज्याला उकरायची फारच हौस असेल त्याने कंद उकरावेत, असं मोठी माणसं, म्हणजे मोठी जनावरं, सांगत.

या जंगलात द्वारकाबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. तिच्या नवऱ्याचं नाव बापूराव. लग्नाला बारा वर्षं झालेली. बीळ प्रशस्त, दोन तोंडांचं, आत कोरडी पानं अंथरलेली. दोघांच्या अंगावर एवढे काटे असूनही बारा वर्षं शेजारी शेजारी झोपायचं म्हणजे गंमत नव्हे. पण त्यांना ते जमलं होतं. कोणत्या कुशीवर कधी वळायचं हे ठरून गेलं होतं.

घरी पाहुणा आला, की बापूराव एक गोष्ट हमखास सांगत. "भर श्रावण होता. ओढ्याला हा लोंढा! तशात मी दोन टेकड्या ओलांडून हिच्यासाठी आलो. हिच्या बापाच्या बिळापाशी चिखलाने माखून उभा राहिलो. म्हटलं, नेईन तर हिलाच."

"पुरे झालं आता," असं द्वारकाबाई म्हणत आणि तोंड फिरवत. पण त्यांचे कान इकडेच असत.

पहिल्या वर्षी त्या गोष्टीत एकच टेकडी होती. बाराव्या वर्षापर्यंत दोन झाल्या होत्या आणि मध्ये कुठेतरी एक बिबट्याही शिरला होता. बिबट्यावर द्वारकाबाईंचा विश्वास नव्हता. पण बापूराव एखाद्या पाहुण्यापुढे तो सांगायला विसरले, तर त्याच हळूच म्हणत, "आणि तो बिबट्या?"

त्यांच्या संसाराची सगळी पुंजी म्हणजे ही गोष्ट. थंडीत, उपाशीपोटी, आजारपणात द्वारकाबाईंना ती पुरली होती.

आता राजाकडे वळू. राजा वाघ होता. त्याच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन होता. सगळी प्रजा माळावर जमली होती, म्हणजे जमवली होती. वाघाने तासभर भाषण केलं आणि मग लाडात येऊन विचारलं, "सांगा पाहू, ऐन तारुण्यात आम्ही एकट्याने कोणाला लोळवलं होतं?"

कोणाला आठवेना. शेवटी मागून एक ससा चाचरत म्हणाला, "मला वाटतं... मलाच असेल."

वाघाचा चेहरा पडला. तो गुहेत जाऊन पंजांत तोंड घालून बसला. "आम्ही गवा लोळवला होता, गवा! आमची प्रजा कृतघ्न आहे."

त्याचा सचिव कोल्हा होता. तो नुकताच शेजारच्या जंगलाचा अभ्यासदौरा करून आला होता आणि अंगाने बराच भरला होता. तो म्हणाला, "कृतघ्न नाही महाराज, विसराळू आहे. शेजारच्या जंगलात यावर इलाज शोधलाय. तिकडे कोणीच काही विसरत नाही."

"मग तिकडची प्रजा सुखी आहे का रे?"

"ते विचारायचं राहिलं," कोल्हा म्हणाला.

इलाज म्हणजे पोपट. पोपटांच्या घरात एक रीत असते. बापाने जे जे ऐकलं ते तो पिल्लाकडून पाठ करून घेतो, पिल्लू मोठं झालं की आपल्या पिल्लाकडून. त्यामुळे तीन पिढ्यांत जंगलात कोण काय बोललं ते सगळं पोपटांच्या डोक्यात साठलं होतं. वाघाने एकजात सगळ्यांना नोकरीवर ठेवलं. रोज दोन पिकली उंबरं ठरली. हुद्दा ठरला स्मरणसेवक. प्रत्येक बिळावर, ढोलीवर, जाळीवर एकेक पोपट बसला. काम एकच. रोज सकाळी घरमालकाला उठवायचं आणि मागच्या एखाद्या वर्षी याच दिवशी तो काय बोलला होता त्याची आठवण करून द्यायची.

पहिले चार दिवस जंगल नुसतं विरघळून गेलं. एका वानरिणीला पोपटाने ऐकवलं, "पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी तुमचा थोरला पहिल्यांदा म्हणाला, 'आई, बघ, मी सोडतो हात!'" वानरीण ढसाढसा रडली आणि थोरल्याला शोधायला गेली. थोरला आता दुसऱ्या टोळीत होता आणि झोपला होता, ते सोडा. कोणतीही योजना पहिले चार दिवस अशीच गोड असते.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. पोपटाला वाक्य पाठ असतं. त्याच्या मागचं नसतं, पुढचं नसतं. ते बोलताना बोलणारा हसत होता की दात-ओठ खात होता, तेही नसतं.

पाचव्या दिवशी सकाळी द्वारकाबाई आणि बापूराव भरपूर कंद खाऊन परतले आणि नुकतेच आडवे झाले होते. साळिंदरांची झोपायची वेळ ती. बिळावरच्या बेहड्याच्या झाडावरून पोपटाने घसा साफ केला.

"बारा वर्षांपूर्वी आजच्या दिवशी बापूराव म्हणाले, 'ही आपली गळ्यात पडली. मी तर पलीकडच्या टेकडीवरच्या गोदाला करणार होतो.' धन्यवाद. आपला दिवस शुभ जावो."

द्वारकाबाईंनी डोळे उघडले.

"कोण गोदा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"कोण गोदा?" बापूरावांनीही विचारलं. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. पण मुलांनो, अशा वेळी खरोखर न आठवणं फार वाईट दिसतं.

द्वारकाबाई उठल्या. बाहेर जाऊन पोपटाला म्हणाल्या, "पुन्हा सांग." पोपटाने पुन्हा सांगितलं. "पुन्हा सांग." पोपट तेच, तसंच, सातदा बोलला. प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागलं. बारा वर्षं जी गोष्ट ऐकली तिच्यात आपण नव्हतोच, असं त्यांना वाटलं. तो लोंढा, तो चिखल, तो बिबट्यासुद्धा दुसऱ्याच कोणासाठी होता.

खात्री करावी म्हणून त्या शेजारच्या झाडावरच्या पोपटाकडे गेल्या. त्याच्याही बापाने ते वाक्य ऐकलेलं होतं. पण तो म्हणाला, "पलीकडच्या टेकडीवरच्या शेवंताला करणार होतो."

आता शहाणं जनावर म्हणेल, दोघांतला एक पोपट चुकतोय. द्वारकाबाईंच्या मनात ते आलंसुद्धा नाही. त्यांना वाटलं, दोघी होत्या.

त्या दिवसापासून त्यांना पोपटाचा नादच लागला. झोप नाही, कंदांवर वासना नाही. "आणखी सांग. आणखी काय म्हणाले होते?" पोपट काय, सांगायलाच बसलेला. बारा वर्षांत नवरा बरंच काही बोलतो. नवव्या वर्षी बापूराव म्हणाले होते, "हिच्या घोरण्याने माती पडते." चौथ्या वर्षी म्हणाले होते, "सासरेबुवा गेले ते बरं झालं, बीळ मोकळं झालं." द्वारकाबाई एकेक ऐकत होत्या आणि एकेक मनात रचून ठेवत होत्या.

मग बापूरावही चिडले. ते दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले आणि पोपटाला म्हणाले, "आता हिचं सांग."

"सहा वर्षांपूर्वी आजच्या दिवशी द्वारकाबाई म्हणाल्या, 'याच्यापेक्षा वारुळाशी लग्न केलं असतं तर मुंग्या तरी मिळाल्या असत्या.'"

झालं. तिसऱ्या दिवशी बिळाच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. हे तोंड तुमचं, ते तोंड माझं. भिंत दोघांनी मिळून घातली, आणि बारा वर्षांतली सर्वांत नेटकी बिळाची डागडुजी ती हीच, असं घोरपड सगळ्यांना सांगत सुटली.

सगळीकडे हेच चाललं होतं. माकडांचा कळप सात तुकड्यांत फुटला. मुंगसाने सापाशी वैर धरणं सोडून सख्ख्या भावाशी धरलं. दोन अस्वलं पाठीला पाठ लावून बसली होती आणि कोण आधी वळतो ते बघत होती. कासवाच्या दगडापुढे रांग लागली, आणि कधी नव्हे ते शंभरातले शंभर जण आठव्या दिवशी परत येऊ लागले. दुखणं आठ दिवसांत विझावं अशी ती पद्धत होती. आता रोज सकाळी पोपट येऊन त्या निखाऱ्यावर फुंकर मारत होता. कासवाची झोप उडाली.

तेवढ्यात वाघाने आपली हौस भागवून घेतली. माळावर सभा भरवली आणि पोपटांना हुकूम केला, "आम्ही गवा लोळवला त्या दिवशी काय घडलं, ते प्रजेला ऐकवा."

शंभर पोपट एका सुरात म्हणाले, "महाराज म्हणाले, 'आई गं! सोड, सोड, परत नाही येणार!'"

ससा हसला. मग त्याला पळावं लागलं.

संध्याकाळी फर्मान निघालं. स्मरणसेवा प्रजेपुरती राहील. राजाच्या आठवणी राजा स्वतः ठेवील. आणि सभेतल्या गोंधळाबद्दल कोणाला तरी शिक्षा व्हायला हवी होती, म्हणून कासवाला प्रकृतीच्या कारणावरून निवृत्त करण्यात आलं. कासवाला ते सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते विसरलं आणि नेहमीसारखं दगडावर येऊन बसलं.

द्वारकाबाई तिथेच आल्या. साळिंदरांमध्ये ज्याच्यासमोर संसार मांडला त्याच्यासमोरच मोडावा लागतो, आणि त्यांचा संसार कासवासमोर मांडलेला होता. सोबत पोपट होता.

"आजोबा, मला वेगळं व्हायचंय," त्या म्हणाल्या.

"कोणापासून?"

"तुम्हीच नाही का आमचं लग्न लावलंत!"

"असेल, असेल. काय केलं त्याने?"

द्वारकाबाईंनी तोंड उघडायच्या आत पोपटाने सगळं म्हणून दाखवलं. गोदा, शेवंता, घोरणं, सासरे, सगळं. कासवाने डोळे मिटून ऐकलं. "अरेरे. आठव्या दिवशी ये. त्यालाही घेऊन ये."

ते आठ दिवस द्वारकाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. भिंतीपलीकडून बापूरावांचं खोकणं ऐकू येई. एकदा ते बराच वेळ थांबलं नाही, तेव्हा त्या उठून भिंतीपाशी गेल्या आणि माती उकरायला पंजा लावला. तेवढ्यात उजाडलं. झाडावरून आवाज आला, "ही आपली गळ्यात पडली..." त्यांनी पंजा मागे घेतला. उलट भिंत थोडी जाड केली.

आठव्या दिवशी संध्याकाळी तिघं दगडापाशी पोचले. द्वारकाबाई ओढ्याच्या या बाजूने, बापूराव त्या बाजूने, पोपट वरून.

"तुम्ही कोण? काम काय काढलंत?" कासवाने विचारलं.

पोपटाने चोच उघडली. कासव म्हणालं, "तुझं लग्न झालंय का या दोघांपैकी कोणाशी?"

"नाही," पोपट म्हणाला.

"मग गप्प बस. बाई, तू सांग."

द्वारकाबाईंनी सांगितलं. वाक्य बरोबर होतं, पोपटाचं होतं तसंच. त्यांना स्वतःलाच ते पोपटासारखं ऐकू आलं.

"हे याचं झालं," कासवाने झाडाकडे मान केली. "आता तुझं सांग. तू तिथे होतीस की नाही? तुला काय आठवतं?"

द्वारकाबाई आठवू लागल्या. एवढे दिवस त्यांनी हजारदा ऐकलं होतं, आठवलं एकदाही नव्हतं.

"पाऊस होता," त्या म्हणाल्या. "बिळात पाणी शिरत होतं. मला ताप होता. हे बिळाच्या तोंडाशी पाठ लावून बसले होते, पाणी अडवत. आणि तोंडाची टकळी चालूच होती. काहीबाही बोलत होते. मी हसत होते... मला वाटतं मी हसत होते." मग त्या अडखळल्या. "पण ते त्याच दिवशी होतं की पुढच्या पावसाळ्यात, ते नाही सांगता येणार."

"चालेल," कासव म्हणालं. "बाबा रे, तू असं बोलला होतास का?"

"बोललो असेन," बापूराव म्हणाले. "मला आठवत नाही. शेवंता म्हणजे बहुधा गोदाची आई, तिला मी कशाला करेन? पण आजोबा, आता विचारलंतच म्हणून... गेले आठ दिवस भिंतीला टेकून मीही आठवतोय. आणि मला आठवलं."

त्यांनी द्वारकाबाईंकडे बघितलं नाही.

"श्रावणातल्या त्या लोंढ्याच्या दिवशी मी गोदाकडेच निघालो होतो."

पोपटाने आनंदाने पंख झटकले. द्वारकाबाईंच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. आजवर निदान शंका होती, आता तीही गेली. त्यांना इतकं वाईट वाटलं, की राग यायलासुद्धा जागा उरली नाही.

"ओढ्यापाशी वाट फुटते," बापूराव सांगत होते. "एक डावीकडे, एक उजवीकडे. गोदाकडे कोणती जाते तेच मी विसरलो. पावसात उभं राहून आठवत होतो, तेवढ्यात पाय घसरला. लोंढ्यात पडलो. टेकडी ओलांडलीच नाही आजोबा, टेकडीला वळसा घालून वाहत आलो. हिच्या बापाच्या बिळापाशी लागलो. नाकातोंडात चिखल. आणि हिने बिळातून डोकं बाहेर काढून विचारलं, 'कोण पाहिजे?'"

"मग?" कासवाने विचारलं. इतका वेळ ते झोपलं नव्हतं, हेच विशेष.

"मग काय. मी हिच्याकडे बघितलं आणि आपल्याला कोण पाहिजे होतं तेच मला आठवेना. म्हणालो, 'तू.'"

द्वारकाबाईंना ते "तू" आठवलं. चिखलाने भरलेल्या तोंडातून आलेलं, नीट न कळलेलं. त्यावर आपण "काय?" म्हणालो होतो आणि त्याने पुन्हा "तू" म्हटलं होतं. हे खरंच झालं होतं की आत्ता ऐकून आठवल्यासारखं वाटतंय, हे त्यांना कळेना. पण त्यांना आधी रडू आलं, मग त्या नाकातोंडातल्या चिखलाचं हसू आलं, मग पुन्हा रडू आलं.

"आणि तो बिबट्या?" त्यांनी नाक ओढत विचारलं.

"बिबट्या तू घातलास."

"मी? तुम्ही घातलात!"

"पहिल्यापासून तुझाच आहे तो."

तेवढ्यात कासवाला डुलकी लागली होती. ते दचकून जागं झालं. दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणालं, "हं. तर बाई, तुझी तक्रार काय होती?"

"मी सांगतो!" पोपट ओरडला.

द्वारकाबाईंनी मागे वळून काटे नुसते खळखळवले. पोपट तीन फांद्या वर गेला.

त्यांनी कासवाकडे बघितलं. सगळं त्यांच्या जिभेवर होतं. गोदा होती, शेवंता होती, घोरणं होतं, शब्दन्‌शब्द होता. एक वाक्य बोललं, की भिंत कायमची होणार होती.

"आठवत नाही, आजोबा," त्या म्हणाल्या.

"खोटं!" वरून पोपट किंचाळला. "तिला सगळं आठवतंय!"

"मला नाही आठवत," कासव म्हणालं. "म्हणजे झालंच नाही. जा घरी."

परतताना दोघं ओढ्याच्या एकाच बाजूने चालले. मग बापूरावांनी भीत भीत विचारलं, "खरंच विसरलीस?"

"नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण मी विसरले, एवढं तुम्ही लक्षात ठेवा."

त्यांनी भिंत पाडली. घालायला तीन दिवस लागले होते, पाडायला न्याहारीपुरता वेळ लागला.

पुढे काय झालं ते सांगतो. पोपटांना जे ऐकलं ते बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या पोपटाने दगडापाशी ऐकलेलं वाक्य दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने दहांना. मागचंपुढचं गळून पडलं आणि दोन दिवसांत जंगलातल्या प्रत्येक झाडावरून एकच हाक येऊ लागली, "आठवत नाही, आजोबा! आठवत नाही, आजोबा!" अस्वलांनी ते ऐकलं. दोघांनाही पाठ दुखून आली होती. त्यांना वाटलं, सरकारी आदेश आहे. त्यांनी एकमेकांकडे वळून तेच वाक्य म्हटलं. मग माकडांनी म्हटलं. मुंगसाच्या भावाने म्हटलं. टिटवीने मात्र म्हटलं नाही, आणि तिला कोणी आग्रहही केला नाही.

वारं कुठे वळलंय हे कोल्ह्याच्या लगेच ध्यानात आलं. तो वाघाला म्हणाला, "महाराज, ही योजना आपलीच होती, असं जाहीर करायला हवं." वाघाला ते पटलं. मग दरवर्षी साजरा करायचा म्हणून जंगलाचा अधिकृत विसर दिन घोषित झाला. पोपटांची नोकरी जाऊ नये म्हणून त्यांना नवीन काम देण्यात आलं. त्या दिवशी प्रत्येक घरी जायचं आणि घरमालकाने काय काय विसरायचं आहे त्याची यादी त्याला वाचून दाखवायची.

पहिल्या विसर दिनी पोपट बेहड्यावर येऊन बसला. बिळात द्वारकाबाई आणि बापूराव नुकतेच आडवे झाले होते.

"क्रमांक एक," पोपट म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी श्रावणात बापूराव गोदाकडे निघाले होते, हे द्वारकाबाईंनी कृपया विसरावे."

बापूरावांनी डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेतलं.

द्वारकाबाईंनी मोठी जांभई दिली. नेहमीच्या कुशीवर वळल्या आणि झोपेत बोलल्यासारखं म्हणाल्या, "कोण गोदा?"

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, मात्र ज्याच्या लक्षात राहणार नाही अशालाच ते सांगावं. असा कोणी सापडत नसेल, तर ज्याला सगळं आठवत असूनही झोप लागते अशाशी लग्न करावं.